कंबरेला आधार देणारा एक्सोस्केलेटन: सेन्सर लावून खरंच काही कळतं का?

घाटपायथा

मंडळी, चाकणच्या बाजूला एका कारखान्यात मी सेफ्टी बघतो. आमच्या स्टोअरमध्ये 18 किलोची खोकी जमिनीवरच्या पॅलेटवरून उचलून कमरेइतक्या उंचीच्या कन्व्हेयरवर ठेवायचं काम आहे. मिनिटाला तीनच्या आसपास, पूर्ण शिफ्ट. पाठदुखीच्या रजा वाढल्या आणि वरून विचारणा सुरू झाली.

मग एक विक्रेता आला. त्याच्याकडे पाठीला आधार देणारा पॅसिव्ह एक्सोस्केलेटन. मोटर नाही, बॅटरी नाही. छातीवर एक गादी, कमरेला पट्टा, मांड्यांवर दोन पॅड आणि मध्ये स्प्रिंग. वाकलं की स्प्रिंग भरते, उठताना परत देते. त्याने मीटिंगमध्येच त्याच्या माणसाच्या पाठीवर ईएमजीचे (स्नायूंचे विद्युत संकेत टिपणारे) इलेक्ट्रोड चिकटवले, खोकं धरून वाकायला लावलं आणि स्क्रीनवर आलेख दाखवला. मशीन घातल्यावर रेघ स्पष्ट खाली. "पाठीवरचा भार जवळजवळ 40 टक्के कमी." साहेब लोक खूश. मला मात्र पटलं नाही, पण का पटलं नाही ते नीट सांगता येईना.

दोन नग ट्रायलला ठेवायला तो तयार आहे. माझा प्रश्न: आमच्या स्टोअरमध्ये, आमच्याच माणसांवर, अंगावर लावायचे सेन्सर वापरून हे तपासायचं तर काय मोजावं? ईएमजी, की हालचालीचे सेन्सर, की बुटातले? कोणी केलंय का हे काम?

---

खटपट्या

पहिला! बाकी जाणकार येईपर्यंत जागा धरून ठेवतो.

अवांतर: आमच्या हापिसात वजन फक्त डब्याचं उचलतो, तरी पाठ गेलेलीच आहे. खुर्चीसाठी निघालाय का असा सांगाडा?

---

फिजिओताई

ईएमजी आमच्या रोजच्या वापरातली गोष्ट, म्हणून आधी त्याबद्दल.

पाठीच्या उभ्या स्नायूंवर इलेक्ट्रोड लावताना कमरेच्या पहिल्या मणक्यापासून दोन बोटं बाजूला जागा शोधायची. केस काढायचे, स्पिरिटने चोळून त्वचा किंचित लाल होऊ द्यायची, मग दोन इलेक्ट्रोड स्नायूच्या दिशेने दोन सेंटिमीटर अंतरावर. एवढं करूनही खरी डोकेदुखी पुढेच. त्या सांगाड्याचा कमरेचा पट्टा आणि मागची पट्टी नेमकी तिथेच घासते. माणूस वाकला की पट्टी इलेक्ट्रोडवर सरकते आणि आलेखात खिळ्यासारखी टोकं येतात. स्नायूचा तो आवाज नव्हेच, प्लास्टिकचा आहे. अर्ध्या तासाने घाम आला की चिकटपट्टी सुटू लागते ते वेगळंच.

दुसरं. त्याने रेघ कशाच्या तुलनेत मोजली? ईएमजी मायक्रोव्होल्टमध्ये येतं. दोन माणसांची किंवा दोन दिवसांची नुसती आकडेमोड जुळत नाही. आधी त्या माणसाला पूर्ण ताकदीने पाठ ताणायला लावून कमाल मोजतात आणि पुढचं सगळं त्याच्या टक्केवारीत. ज्याची पाठ आधीच दुखतेय तो पूर्ण ताकद लावतच नाही, त्यामुळे अशा माणसांमध्ये ठराविक वजन धरून संदर्भ घ्यावा लागतो.

आणि मुख्य प्रश्न: त्याचा माणूस खोकं उचलत होता की वाकून धरून उभा होता?

---

घाटपायथा

@फिजिओताई, बरोब्बर पकडलंत. धरून उभा होता. वाकलेल्या स्थितीत, दहा-पंधरा सेकंद. कमाल वगैरे काही मोजलं नाही.

---

ट्यूलिपपाटील

नेदरलँड्समध्ये याच विषयात काम करते, म्हणून जरा लांब लिहिते. कंटाळा आला तर खाली सरका.

विक्रेता खोटं बोलत नाहीये, सोयीचं खरं बोलतोय. 2016 साली इथल्या संशोधकांनी लेव्हो या पॅसिव्ह सांगाड्यावर प्रयोग केला होता. वाकून एकाच स्थितीत हाताने काम करताना पाठीच्या स्नायूंची सक्रियता 35 ते 38 टक्के कमी झाली आणि वाकून टिकण्याचा वेळ 3.2 मिनिटांवरून 9.7 मिनिटांवर गेला. म्हणजे वाकून वेल्डिंग किंवा जुळणी करणाऱ्याला ही वस्तू खरोखर उपयोगी. त्याच वर्षीच्या आढाव्यात निरनिराळ्या पॅसिव्ह सांगाड्यांसाठी 10 ते 40 टक्के अशी मोठी पट्टी निघाली. विक्रेते पट्टीचं वरचं टोक घेतात.

पण घाटपायथा, तुमचं काम उचलण्याचं आहे. तिथे हिशोब असा. जमिनीवरून 15-20 किलो उचलताना कंबरेच्या तळाशी, पाचव्या कटिमणक्याच्या सांध्यापाशी, साधारण 200 न्यूटनमीटरचा पिळा (टॉर्क, म्हणजे सांध्याला पुढे वळवू पाहणारा जोर) येतो. बहुतेक पॅसिव्ह सांगाडे 20 ते 40 न्यूटनमीटर देतात. 30 धरा. म्हणजे 15 टक्के. पाठीच्या स्नायूंचा तरफेचा हात जेमतेम 6 सेंटिमीटर, त्यामुळे ते 30 न्यूटनमीटर वाचले की दोन मणक्यांमधल्या चकतीवरचा दाब साधारण 500 न्यूटनने उतरतो. अमेरिकेच्या नायोश या कामगार-सुरक्षेच्या संस्थेने चकतीवरच्या दाबाची जी मर्यादा धरली आहे ती 3400 न्यूटन. 500 म्हणजे अगदी फालतू नाही, पण 40 टक्केही नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. अंगावरच्या सेन्सरांनी, म्हणजे पाठीवर एक हालचालीचा सेन्सर आणि बुटात दाब मोजणारे तळवे, कंबरेचा पिळा बऱ्यापैकी अंदाजता येतो. व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या गटाने 2021 मध्ये नेमकी हीच जोडी चांगली चालते असं दाखवलं. तळवे सांगतात हातात किती वजन आहे, पाठीवरचा सेन्सर सांगतो किती वाकलाय.

इथे एक खाच आहे आणि तिच्यात बरेच जण पडतात. हा मोजलेला पिळा एकूण असतो: स्नायूंनी दिलेला अधिक सांगाड्याने दिलेला. खोकं तेवढंच, वाकणं तेवढंच, तर एकूण पिळा तेवढाच राहणार. सांगाडा घातला तरी सेन्सर "काही फरक नाही" म्हणणार! फरक काढायचा तर सांगाडा किती देतो ते वेगळं मोजून एकूणातून वजा करायला हवं. टेबलावर त्याचा कोन-पिळा आलेख काढा किंवा त्याच्या सांध्यात लोडसेल (बल मोजणारा सेन्सर) बसवा.

---

उनाड_रेडा

एवढं सगळं वाचलं. दंडवत. पण कोणीच विचारत नाहीये की खोकं जमिनीवर का आहे?

नायोशचं 1991 चं उचलण्याचं सूत्र घ्या. आदर्श परिस्थितीत 23 किलो, मग प्रत्येक गैरसोयीसाठी गुणक. घाटपायथांचं काम: हात जमिनीपाशी (0.775), खोकं अंगापासून 40 सेंमी लांब (0.625), 75 सेंमी वर न्यायचं (0.88), मिनिटाला तीन वेळा पूर्ण शिफ्ट (0.55), पकड बरी (0.95). गुणाकार करून 5.1 किलो. तुम्ही उचलताय 18. म्हणजे साडेतीन पट.

आता पॅलेटखाली उंची वाढवणारं सिझर टेबल घाला. खोकं 75 सेंमीवर, अंगापासून 30 सेंमी. वर न्यायचं अंतर आणि पकड यांचे गुणक आता 1, बाकी सगळं तेच. उत्तर 10.5 किलो. साडेतीन पटीवरून 1.7 पटीवर आलात. कोणाच्या छातीवर गादी नाही, कोणाच्या पाठीवर इलेक्ट्रोड नाही, स्पिरिट नाही.

आणि तरीही 1.7 पट म्हणजे काम जडच आहे, हेही लक्षात घ्या. खोकं 12 किलोचं करायला पुरवठादाराला सांगा. मग सेन्सरचे लाड.

---

खटपट्या

रेडेबुवांनी धाग्याचं काम एका टेबलात उरकलं. :)

---

सांगलीची_हळद

आमचे वडील मार्केट यार्डात हमाली करायचे. हळदीची पोती, गुळाच्या ढेपा. त्यांच्या तरुणपणी साखरेचं पोतं 100 किलोचं असायचं, 50 वर यायला किती वर्षं भांडण झालं ते यार्डातल्या म्हाताऱ्यांना विचारा. कायदा माथाडींचा 1969 चा, पण पोत्याचं वजन उतरायला त्याच्यानंतर पण बराच काळ गेला.

हे मशीन बघितलं तवा पहिलं डोक्यात आलं, पोतं ठेवायचं कुठं? हमाल जमिनीवरनं वाकून उचलून पुढं धरून चालत न्हाई ओ. दोघं जण हात देतात, आकडी लावतात, पोतं उचलून पाठीवर चढवतात, आणि हा पुढं झुकून चालत थप्पीपर्यंत. थप्पी उंच झाली की फळीवरनं चढतो. पाठीवरच सगळा भार. त्या पाठीवर लोखंडी पट्टी असली तर पोतं घसरंल नाहीतर पट्टी मणक्यात रुतंल. म्हणजे ज्याला खरी गरज हाय त्याच्या कामाला हे चालतच न्हाई.

वडिलांच्या वयाच्या माणसांची कंबर एक्स-रेत बघितली की डाक्टर गप बसतात.

---

फिजिओताई

सांगलीची_हळद, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. पाठीवर भार घेऊन चालणं आणि समोरून उचलणं ही दोन निराळी कामं. हे सगळे सांगाडे दुसऱ्यासाठी बनलेत.

चकतीवर प्रत्यक्ष काय होतं याचं एक मोजमाप सांगते. 1999 मध्ये जर्मनीत एका स्वयंसेवकाच्या कंबरेच्या चकतीतच दाबमापक बसवला होता. आडवं पडल्यावर 0.1 मेगापास्कल, उभं राहिल्यावर 0.5. 20 किलो पाठ वाकवून उचलल्यावर 2.3, गुडघे वाकवून उचलल्यावर 1.7, आणि अंगाजवळ धरल्यावर 1.1. माणूस एकच होता, म्हणून फार ताणू नये, पण अंदाज येतो.

आणि @घाटपायथा, आलेखाबद्दल आणखी एक. पूर्ण वाकल्यावर पाठीचे स्नायू चक्क गप्प होतात. भार अस्थिबंधांवर आणि मागच्या ऊतींवर जातो. ईएमजी जवळजवळ सपाट. म्हणजे विक्रेत्याचा माणूस मशीन घालून चार-पाच अंश जास्त वाकला असेल, तरी रेघ खाली येणारच. स्नायू गप्प म्हणजे मणक्याला आराम असं नाही. म्हणून ईएमजी एकटं कधीच बघू नका, सोबत वाकण्याचा कोन हवाच.

---

सिग्नलवाला_सदू

आता माझा प्रांत आला.

हालचालीचा सेन्सर म्हणजे आयएमयू: त्वरणमापक, जायरो आणि बहुतेक वेळा चुंबकमापक. हा तिसरा गडी इथे घात करतो. स्टोअरमध्ये लोखंडी रॅक, खाली सळ्या, वर अंगावर स्टीलच्या स्प्रिंगचा सांगाडा. चुंबकीय क्षेत्र वेडंवाकडं, सेन्सर म्हणेल माणूस गोल फिरतोय. चुंबकमापक बंद ठेवा. पुढे-मागे वाकण्याचा कोन गुरुत्वावरून मिळतो, त्याला उत्तर दिशा लागत नाही. वळण, पिळणं मोजायचं तर मात्र अडचण आहे.

कुठे लावायचे? एक छातीच्या हाडावर किंवा पाठीच्या वरच्या भागात, एक माकडहाडाच्या वर. दोघांतला फरक म्हणजे कंबरेचं वाकणं. नुसता वरचा लावला तर माणूस खुब्यातून वाकला की कंबरेतून, ते कळत नाही, आणि मशीन घातल्यावर बदलतं ते नेमकं हेच. पण छातीवर गादी आहे आणि माकडहाडावर पट्टा. गादीवर सेन्सर चिकटवू नका! मग तुम्ही गादीचा कोन मोजाल. त्वचेवर लावा आणि मशीनशिवायच्या फेरीतही त्याच जागी ठेवा. प्रत्येक वेळी सुरुवातीला सरळ उभं करून शून्य घ्या. कोनासाठी सेकंदाला 100 नमुने पुरतात, ईएमजीला 1000 तरी पाहिजेत. 50 हर्ट्झचा विजेचा गुणगुणाटही बघा, कन्व्हेयरची मोटर शेजारीच आहे.

ट्यूलिपपाटीलांच्या खाचेत माझी एक भर: स्प्रिंग भरताना जेवढं घेते तेवढं परत देत नाही. सांध्यातलं घर्षण, कापडाचं सरकणं, पट्ट्याखालचं मांस दबणं. वाकताना 35 दिले तर उठताना कदाचित 25. आणि उचलण्यात गरज उठतानाच असते. त्यामुळे टेबलावर आलेख काढताना जाणारा आणि येणारा असे दोन्ही काढा. विक्रेता जाणाराच दाखवेल.

---

चवथी_शिफ्ट

+१ सदू. आम्ही एका गोदामात बुटातले तळवे वापरले होते. सेफ्टी शूजमध्ये तळवा टाकला की माणसाला बूट घट्ट होतो, आणि दुपारपर्यंत तळवा घडी पडून कडेला जातो. रिडिंग मग अर्ध्या पायाचं. अर्धा नंबर मोठे बूट आणून ठेवा.

---

गेटमीटिंग

सगळे शास्त्र सांगताहेत, कामगारांना कोणी विचारलं का?

सेन्सर लावला की तो फक्त वाकणं मोजत नाही. कोण मिनिटाला किती उचलतो, कोण किती वेळ उभा राहिला, मुतारीला किती वेळ गेला, सगळं त्यात आहे. आमच्याकडे एका ठिकाणी "आरोग्यासाठी" म्हणून घड्याळं दिली आणि पुढच्या करारात त्याच आकड्यांवरून उत्पादनाचा कोटा वाढवून मागितला. तेव्हापासून कोणी सेन्सर म्हटलं की आमची माणसं शर्ट काढत नाहीत.

आधी लेखी घ्या: आकडे कोणाकडे राहणार, नाव लावून की नाव काढून, कधी पुसणार, आणि कोटा ठरवायला वापरणार नाही. आणि दुसरं, मशीन घातल्यावर भार 15 टक्के कमी झाला म्हणून खोकी 15 टक्के वाढवणार नाही. ही दुसरी अट साहेब लोक सही करत नाहीत, बघा.

---

उनाड_रेडा

गेटमीटिंगशी पहिल्यांदाच सहमत होतोय. तारीख लिहून ठेवा.

---

नागपुरी_संत्रा

भाऊ, हे सगळं पुण्याच्या हवेत ठीक आहे. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये छातीवर गादी बांधून दाखवा कोणी. अंगावरचा बनियन नकोसा होते अन् तुम्ही त्यावर मांड्यांचे पॅड चढवता. माणूस तासाभरात काढून कोपऱ्यात टांगते. मग काय मोजाल? खुंटीचा ईएमजी?

---

ट्यूलिपपाटील

संत्रा, हसले, पण मुद्दा पक्का आहे. प्रयोगशाळेत वीस मिनिटं मोजणं आणि प्रत्यक्ष शिफ्ट यातला सगळ्यात मोठा फरक हाच. किती वेळ अंगावर राहिला हा आकडाच कित्येक ट्रायलमध्ये निर्णायक ठरतो, आणि तो सगळ्यात स्वस्त आहे: वही आणि घड्याळ. सोबत बोर्गच्या 0 ते 10 पट्टीवर विचारा, कुठे टोचतं, किती दमलात. भार कुठेतरी जातोच. 30 न्यूटनमीटरचा पिळा छाती आणि कमरेच्या मधल्या साधारण 40 सेंटिमीटर अंतरावर द्यायचा तर छातीवर 75 न्यूटन, म्हणजे साडेसात किलोचा रेटा. प्रत्येक खोक्याला. बायकांना तर छातीच्या गादीचा त्रास आणखी, म्हणूनच काही उत्पादकांनी गादी काढून कापडी जाकीट आणि पाठीमागे लवचिक पट्टे असा मार्ग धरला.

चालण्याचंही बघा. स्प्रिंग लागलेली असताना पाय उचलताना मांडीला रेटा लागतो. खोकं घेऊन दहा पावलं चालायचं असेल तर फायदा तिथे संपतो. काही मॉडेलमध्ये खटका असतो चालताना सोडायला. तुमच्या ट्रायलवाल्यात आहे का?

आणि रेडेसाहेब, टेबल आधी, याबद्दल वाद नाही. पण 15 टक्क्यांना एवढंही हिणवू नका. चकती आणि मणके थकव्याने तुटतात, एकाच फटक्यात क्वचित. भार आणि झीज यांचं नातं सरळ रेषेत नाही, भार वाढला की झीज झपाट्याने वाढते. उलटं, भार थोडा उतरला की झीज त्याच्या प्रमाणापेक्षा जास्त उतरते. या तत्त्वावर नुसत्या उचलण्यासाठी एक हिशोबतक्ता आधीपासून होता, आता सांगाड्यासाठीही बेतलेला आहे. म्हणून "15 टक्के म्हणजे काहीच नाही" हा निष्कर्ष घाईचा.

---

उनाड_रेडा

ताई, तत्त्व मान्य. पण तोच न्याय टेबलाला लावा की! टेबलाने भार कितीतरी जास्त उतरतो, मग झीज तर पाताळात जाईल. आणि टेबल मे महिन्यात कोणी खुंटीला टांगत नाही.

तुमचा हिशोबतक्ता माणसाने सांगाडा प्रत्येक उचलण्याला घातलाय असं धरतो. निम्मी शिफ्ट टांगलेला असेल तर?

---

ट्यूलिपपाटील

तर निम्म्या खोक्यांना फायदा लावायचा, निम्म्यांना नाही. म्हणूनच अंगावर राहण्याचा वेळ मोजा म्हटलं. आणि टेबल जिथे बसतच नाही, ट्रकच्या आत, विमानाच्या सामानाच्या पोटात, रुग्णाला पलंगावरून उचलताना, तिथे काय करता? तिथे यालाच जागा आहे. तुमचं गोदाम हे सगळ्या जगाचं गोदाम नव्हे.

---

टोकियोतला_तात्या

रुग्णाचा विषय निघाला म्हणून. इथे जपानमध्ये वृद्धाश्रमांत हे सांगाडे बरेच दिसतात. त्सुकुबाच्या सायबरडाइन कंपनीचा 'हाल' (HAL) नावाचा कमरेचा सांगाडा त्वचेवरच्या विद्युत संकेतांवरून मोटर चालवतो, म्हणजे तुमचं ईएमजी मोजायलाच नाही, चालवायलाही. दुसरा मसल सूट, हवेच्या कृत्रिम स्नायूंचा. त्यात फुगवायला हातपंप आहे, वीज लागत नाही. शेतकरी वापरतात. आमच्या गल्लीतले भाजीवाले आजोबा मुळ्याच्या पेट्या उचलताना घालतात आणि बाकीचा दिवस तो दुकानात पुतळ्यावर असतो.

---

खटपट्या

पुतळा, खुंटी, कोपरा. या मशीनचं टांगण्याचं स्टँड विकायचा धंदा काढावा म्हणतो.

---

घाटपायथा

सगळ्यांचे मनापासून आभार. आज स्टोअरमध्ये फेरी मारून आलो, त्यानुसार आराखडा लिहितोय. फाडा.

१) ट्रायलच्या आधी पॅलेट उंच करायचं. सिझर टेबलाची मागणी टाकलीय, तोवर चार-पाच रिकामे लाकडी पॅलेट एकावर एक ठेवून वर माल. एका पॅलेटची उंची 14 सेंमी भरली, पाच म्हणजे 70.

२) मग चार परिस्थिती: जमिनीवरून मशीनशिवाय, जमिनीवरून मशीनसह, उंचीवरून मशीनशिवाय, उंचीवरून मशीनसह. प्रत्येक माणसाला क्रम वेगळा, नाहीतर शेवटच्याला थकव्याचा दोष लागेल. आधी काही दिवस मशीन वापरून सवय होऊ द्यायची.

३) सेन्सर: त्वचेवर दोन आयएमयू, चुंबकमापक बंद. बुटात तळवे. ईएमजी फक्त थोड्या वेळासाठी, फिजिओताईंसारखं कोणीतरी बोलावून, पूर्ण शिफ्ट नाही.

४) सांगाड्याचा जाणारा-येणारा आलेख टेबलावर. विक्रेत्याकडे मागितला, म्हणाला "कंपनी सीक्रेट आहे". स्प्रिंग काटा लावून आम्हीच काढू.

५) अंगावर राहिल्याचा वेळ, बोर्गची पट्टी, काढून ठेवल्याचं कारण. वहीत.

६) गेटमीटिंगच्या अटी एचआरकडे दिल्यात. पहिलीला हो म्हणाले. दुसरीवर "बघू".

---

गेटमीटिंग

सांगितलं नव्हतं? "बघू"ला लेखी उत्तर समजू नका.

---

सिग्नलवाला_सदू

मुद्दा ४: स्प्रिंग काट्याने चालेल, पण सांगाडा लाकडी पुतळ्यावर नको, माणसावर घालून काढा. मांडीचं मांस दबतं तो फरक पुतळ्यावर दिसत नाही. त्या माणसाने स्नायू सैल सोडून झुकायचं, दुसऱ्याने धरायचं.

---

फिजिओताई

मुद्दा ३: ज्यांना सध्या पाठदुखी आहे किंवा पायात मुंग्या येतात त्यांना पहिल्या फेरीत घेऊ नका. त्यांना आधी तपासायला पाठवा. आणि पोटाच्या स्नायूंवरही एक जोडी इलेक्ट्रोड लावा. स्प्रिंगच्या विरुद्ध खाली वाकायला काही जण पोट आवळतात, मग पाठीत वाचवलेलं चकतीवर पोटाकडून परत येतं. मी शनिवारी मोकळी असते, व्यनि करा.

---

चवथी_शिफ्ट

मुद्दा १ वर हरकत. पाच रिकाम्या पॅलेटवर भरलेला पॅलेट म्हणजे डळमळता मनोरा. फोर्कलिफ्टचा काटा हलकासा लागला तरी सरकेल. सेफ्टीवाले असून असं करता? पट्टीने बांधून घ्या, किंवा वेल्डरकडून अँगलचं स्टँड करून घ्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

---

घाटपायथा

@चवथी_शिफ्ट, बरोबर. वेल्डर सोमवारी येतोय, 75 सेंमीचं सांगितलंय. @फिजिओताई, व्यनि केलाय.

---

सांगलीची_हळद

स्टँडचं माप खोक्याच्या तळाशी घ्या, पॅलेटच्या वरच्या थराला न्हाई. खालच्या थरापर्यंत आल्यावरच माणूस वाकतो. आणि वरचा थर खांद्याच्या वर जाणार न्हाई ते पण बघा, नायतर कंबर वाचवून खांदा घालवाल.